उसाच्या मुलखातला उकाडा आणि घरासाठी वातानुकूलन यंत्राची निवड

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या ऊसपट्ट्यात, वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या उरुण-इस्लामपूरसारख्या गावात वातानुकूलन यंत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसी, प्रथम दवाखान्यांत, पतसंस्थांत आणि सराफी पेढ्यांत आला, आणि तेथून तो घराच्या वरच्या मजल्यावरील झोपण्याच्या खोलीत शिरू लागला. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीतलन कृती आराखड्यात देशातील सुमारे आठ टक्के कुटुंबांकडेच असे यंत्र असल्याचे नमूद होते. म्हणजे बहुसंख्य घरांची पहिली खरेदी अजून व्हायचीच आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये या वस्तूवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने ती लांबणीवर टाकण्याचे एक कारणही कमी झाले आहे. या पहिल्या खरेदीच्या वेळी दुकानातील बोलणे कंपनी, टन आणि तारे यांच्याभोवतीच फिरते; उकाडा कोणत्या जातीचा आहे, खोलीवर उघडा स्लॅब आहे की दुसरा मजला, यंत्र वर्षातून किती तास चालणार आणि त्या वेळी डीपीवरून, म्हणजे वस्तीला वीज पुरवणाऱ्या रोहित्रावरून, येणाऱ्या विजेचा दाब किती असणार, हे प्रश्न सहसा निघत नाहीत, आणि निवड बरोबर की चूक हे तर याच प्रश्नांवर ठरते.

इस्लामपूरचा उन्हाळा दिल्लीचाही नाही आणि मुंबईचाही नाही. मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, हवा कोरडी असते आणि सूर्य मावळल्यावर बाहेरचे तापमान बऱ्यापैकी उतरते, त्यामुळे अंगणात किंवा गच्चीवर रात्र सुसह्य होते. वळवाचा पहिला पाऊस पडला की हेच गणित उलटते: पारा दोन-चार अंशांनी खाली येतो, पण हवेतील ओलावा वाढल्याने घाम वाळत नाही, आणि चारही बाजूंनी पाणी दिलेला ऊस उभा असलेल्या वस्तीवर हा दमटपणा अधिकच जाणवतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असल्याने तापमानाचा प्रश्न फारसा उरत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा काही दिवस तलखी होते. थोडक्यात, येथे एकाच घराला दोन वेगवेगळ्या प्रकारच्या उकाड्यांना तोंड द्यावे लागते, आणि कोणतेही यंत्र दोन्हींवर सारखेच गुणकारी नसते.

त्याचे कारण समजण्यासाठी यंत्राचे काम नेमके काय हे पाहावे लागते. वातानुकूलन यंत्र खोलीत थंडी निर्माण करत नाही, ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. आतल्या थंड नळ्यांच्या वेटोळ्यात द्रवरूप शीतकाची वाफ होताना तो खोलीची उष्णता शोषतो, काँप्रेसर ती वाफ दाबून अधिक गरम करतो, आणि बाहेरच्या वेटोळ्यात ती पुन्हा द्रव होताना उष्णता बाहेरच्या हवेला देते. याच ओघात थंड वेटोळ्यावर हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते नळीवाटे ठिबकते. म्हणजे यंत्राची दोन कामे असतात, तापमान उतरवणे आणि ओलावा काढणे, आणि दुसरे काम दुय्यम समजण्याचे कारण नाही. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने १९०२ मध्ये आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली ती माणसांच्या सुखासाठी नव्हतीच, ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंगछपाई बिघडत होती, तो ओलावा ताब्यात ठेवण्यासाठी होती. सांगली जिल्ह्यातही कृत्रिम गारव्याचा खरा जम बसला तो तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याच्या शीतगृहांत, म्हणजे मालासाठी. माणसाचा नंबर नंतर लागला.

कूलरची रीत याच्या अगदी उलट आहे. तो हवेत पाणी मिसळतो आणि बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता हवेतूनच काढून घेतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणून तासाला पाच लिटर पाणी पिणारा कूलर कोरड्या हवेत जवळजवळ एक टनाच्या यंत्राइतकी उष्णता हवेतून काढतो आणि त्यासाठी पंखा व पंप मिळून दोनशे वॅटच्या आतबाहेरच वीज घेतो. पण त्याला एक मर्यादा आहे, आणि ती ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्या तापमानाची, म्हणजे आर्द्र तापमानाची. कूलर हवेला या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, चांगला कूलर त्या दिशेने सुमारे चार-पंचमांश अंतर कापतो. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर आर्द्र तापमान २३ अंशांच्या जवळ असते आणि कूलरमधून २६ अंशांची हवा मिळते, जी उत्तमच म्हणावी लागेल. वळवानंतर ३२ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता झाली की आर्द्र तापमान २६ ते २७ अंशांवर चढते, कूलरची हवा २८ अंशांच्या आसपास राहते आणि ती ओलाव्याने जवळजवळ भरलेली असते, मग अंथरूण चिकट होते आणि कूलर बंद करून पंखा लावणे परवडते.

म्हणून तळमजल्यावरच्या, समोरासमोर खिडक्या असलेल्या बैठकीच्या खोलीसाठी मार्च ते मेच्या मध्यापर्यंत कूलर हे या भागातले सर्वांत शहाणपणाचे यंत्र आहे, मात्र खिडकी उघडी ठेवून. खोली बंद करून कूलर लावण्याची जी पद्धत घराघरांत दिसते, तिने तासाभरात खोलीतला ओलावा वाढतो आणि कूलर स्वतःच निकामी होतो. पाण्याचाही विचार करावा लागतो. वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांतील अतिसिंचित जमिनी क्षारपड झाल्याचे सर्वज्ञात आहे, आणि अशा पट्ट्यातील बोअरचे जड पाणी कूलरला वापरले तर जाळीदार पॅडवर पांढरा क्षार बसून हवा अडते, त्यामुळे पॅड लवकर बदलावे लागतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करणे हे डेंग्यूच्या डासामुळे टाळता येण्यासारखे नाही.

यंत्राआधी घर पाहिले पाहिजे, कारण या भागातील उन्हाळी रात्रीच्या उकाड्याचा मोठा वाटा हवेचा नसून छताचा असतो. मातीच्या जाड भिंती आणि वर कौले किंवा माळवद असलेल्या जुन्या घरांत दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होई, आणि कौलांच्या फटींतून ती निघूनही जाई. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे याच तत्त्वावर चालत, कारण जमिनीखाली तापमान वर्षभर फारसे हलत नाही. सिमेंट-सळईचा चार-पाच इंची स्लॅब यातले काहीच करत नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात-आठनंतर ती उष्णता खालच्या खोलीत सोडू लागतो. रात्री दहा वाजता बाहेर झुळूक सुटलेली असताना वरच्या मजल्यावरच्या छताला हात लावला तर ते कोमट लागते, भिंतीचा पश्चिमेकडचा भाग त्याहून गरम असतो, आणि पंखा वरची तीच तापलेली हवा खाली ढकलत राहतो. अशा खोलीत बसवलेले यंत्र पहिले दोन तास हवेशी नव्हे तर स्लॅबशी झगडत असते. गच्चीवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी, ऊन परतवणारा पांढरा लेप किंवा अगदी दर उन्हाळ्यात मारलेला चुना, यांचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने थोडा असतो, आणि तो केल्यावर दीड टनाऐवजी एका टनात भागण्याची शक्यता निर्माण होते. हा खर्च आधी करावा, यंत्र नंतर घ्यावे, असे स्पष्टपणे म्हणायला हरकत नाही. दुकानदार हे सांगणार नाही, कारण चुना त्याच्याकडे विकायला नसतो.

टन हे येथे यंत्राच्या वजनाचे माप नाही. बर्फाच्या व्यापाराच्या काळापासून चालत आलेले हे एकक, २४ तासांत एक अमेरिकी टन म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता काढण्याची क्षमता दाखवते, आणि ती तासाला १२,००० बीटीयू किंवा सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. वर दुसरा मजला असलेल्या शंभर-एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो, उघड्या स्लॅबखाली पश्चिमेकडे भिंत असलेल्या दीडशे-एकशेऐंशी चौरस फुटांच्या खोलीला दीड टन लागतो. ‘एक नंबर वरचा घेऊन ठेवा’ हा बाजारातला सल्ला मात्र ऐकू नये. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट थंड करून थांबते, त्याला ओलावा काढण्याइतका वेळच मिळत नाही, आणि जूनमध्ये खोली गार पण ओलसर, तळघरासारखी वाटू लागते.

यंत्राच्या प्रकारांत खिडकीतील एसीचा पर्याय इस्लामपुरात आपोआपच मागे पडला आहे. त्याचा काँप्रेसर, पंखे आणि दोन्ही वेटोळी एकाच पेटीत असल्याने तो स्वस्त पडतो, बसवायला सोपा असतो आणि भाडेकरूला जाताना सहज काढून नेता येतो. पण सरकत्या काचांच्या आणि पक्क्या लोखंडी ग्रिलच्या खिडक्यांत तो बसत नाही, भिंत फोडावी लागते, आणि काँप्रेसरचा आवाज उशाशी येतो. खिडकी-यंत्रांची कार्यक्षमताही कमी असते: २०२२ पासूनच्या श्रेणीनुसार स्प्लिट, म्हणजे दोन भागांच्या, यंत्राला पाच तारे मिळण्यासाठी कार्यक्षमतेचा जो निर्देशांक ५.० लागत असे, तो खिडकी-यंत्राला ३.५ असला तरी पुरत असे, म्हणजे दोन्हींवरचे पाच तारे सारखे नव्हेत, ही गोष्ट खरेदीदाराला क्वचितच सांगितली जाते. चाकांवर फिरणारे सुटे यंत्र तर टाळावेच. ते एका नळीने खोलीतली हवा बाहेर फेकते आणि तेवढीच गरम हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत ओढून घेते. छतातील कॅसेट किंवा एका बाह्य भागावर अनेक खोल्या चालवणारी जोडणी बंगल्यांना आणि दवाखान्यांना शोभते, मध्यम आकाराच्या घराला तिचा उपयोग नाही. राहिला तो स्प्लिट, म्हणजे आतला भाग भिंतीवर आणि काँप्रेसर बाहेर असा दोन भागांचा एसी.

स्प्लिटमध्ये खरी निवड काँप्रेसरच्या चालीची असते. ठरावीक गतीचा काँप्रेसर एक तर पूर्ण वेगाने चालतो किंवा बंद राहतो, आणि प्रत्येक वेळी सुरू होताना जोराचा प्रवाह ओढतो; इन्व्हर्टर यंत्रात विजेची वारंवारता बदलून काँप्रेसरची गती गरजेनुसार कमी-जास्त केली जाते, म्हणून खोली एकदा थंड झाली की तो मंद गतीने चालत राहतो. येथे इन्व्हर्टर म्हणजे घरात बॅटरीवर दिवे चालवणारे यंत्र नव्हे, हा गैरसमज अजून पुरता गेलेला नाही. उन्हाळ्यात एकाच डीपीवर पंप, गिरण्या आणि घरे असतील तर संध्याकाळी दाब खाली येतो, दिवे मिणमिणतात आणि ठरावीक गतीचा काँप्रेसर घरघर करून बंद पडतो. अशा वस्तीत कमी दाबावरही चालणारे आणि सुरू होताना झटका न देणारे इन्व्हर्टर यंत्र घेणे हे वीजबचतीपेक्षाही यंत्राच्या आयुष्यासाठी आवश्यक ठरते. यंत्र स्टॅबिलायझरशिवाय चालते असे कंपनी म्हणत असेल तर दाबाच्या कोणत्या मर्यादेत, हे माहितीपत्रकात पाहावे, आणि आपल्या घरात रात्री नऊ वाजता दाब किती असतो हे वायरमनकडून एकदा मोजून घ्यावे.  

ताऱ्यांचा प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात सर्वाधिक पैसा गुंततो. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो या केंद्रीय संस्थेच्या लेबलवर जो निर्देशांक असतो, तो यंत्राने हंगामात काढलेली उष्णता भागिले वापरलेली वीज असा काढतात, आणि हा हंगाम देशातील निरनिराळ्या शहरांच्या हवामानाचा मेळ घालून २४ ते ४३ अंश तापमानाचा व वर्षाला १,६०० तासांचा धरलेला आहे. त्याच तासांवर लेबलवरील वार्षिक युनिटे लिहिलेली असतात. २०२२ च्या श्रेणीतील दीड टनाचे तीन तारांकित यंत्र ढोबळमानाने १,००० युनिटे आणि पाच तारांकित ८०० युनिटे घेई. फरक २०० युनिटांचा. पण इस्लामपुरातील घरात एसी साधारण ८० रात्री, रोज आठ तास, म्हणजे ६४० तास चालतो असे धरले, तर फरक ८० युनिटांवर येतो. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, पहिल्या शंभर युनिटांनंतर दर जवळजवळ दुप्पट होतो, आणि एसीची युनिटे बिलाच्या वरच्या टोकाला बसत असल्याने ती महागड्या टप्प्यानेच मोजावी लागतात. तरीही युनिटला दहा-बारा रुपये धरून वर्षाची बचत हजाराच्या आतच राहते. दोन यंत्रांच्या किमतीत आठ-दहा हजारांचा फरक असेल तर तो भरून निघायला दहा वर्षे जातात, आणि तोवर यंत्रच म्हातारे होते.

म्हणून फक्त रात्री झोपण्यापुरता एसी वापरणाऱ्या घराने तीन तारांकित इन्व्हर्टर यंत्र घ्यावे आणि उरलेले पैसे गच्चीवर घालावेत. घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतील, दिवसाही कोणी घरून काम करत असेल किंवा खालच्या खोलीत दवाखाना असेल तर तास दुप्पट होतात आणि पाच ताऱ्यांची किंमत पाच-सहा वर्षांत सुटते. तेथे ते घेणे योग्यच. १ जानेवारी २०२६ पासून श्रेणी अधिक कडक झाल्याने जुन्या साठ्यातील पाच ताऱ्यांचे यंत्र नव्या श्रेणीत खालच्या पायरीवर बसते, त्यामुळे तारे न मोजता लेबलवरचे वर्ष, निर्देशांक आणि वार्षिक युनिटे वाचावीत. गच्चीवर सौर पटल बसवणाऱ्यांचे गणित आणखी वेगळे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते, दिवसाची वीज नेट मीटरवाटे रात्रीच्या वापरात वळती होते, आणि पटलांच्या सावलीमुळे स्लॅबही कमी तापतो.

शीतकाबाबत थोडक्यात इतकेच की ओझोनला घातक आर-२२ नव्या यंत्रांतून गेला, त्यानंतर आलेला आर-४१० ए कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो, सध्या रूढ असलेला आर-३२ सुमारे ६७५ पट, आणि गोदरेजने भारतात २०१२ मध्ये आणलेला आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, नगण्य. मात्र प्रोपेन ज्वालाग्राही आणि आर-३२ सौम्य ज्वालाग्राही असल्याने गॅस भरण्याचे काम त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

वापरातही अंशांचा हट्ट सोडावा लागतो. २०२० पासून नवे यंत्र सुरू होताना २४ अंशांवरच लागते, आणि प्रत्येक अंश वर चढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरो सांगतो. २६ किंवा २७ अंशांवर यंत्र आणि मंद गतीने पंखा ही जोडी रात्रभर पुरते. पावसाळ्यात ‘ड्राय’ हे बटण वापरावे, त्यात पंखा संथ होऊन ओलावा अधिक निघतो.

बसवणीकडे मात्र खरेदीपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते. गळीत हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काजळी आणि रानात पेटवलेल्या पाचटाची काळी राख गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जशी पडते तशीच बाहेरच्या भागाच्या बारीक पात्यांतही भरते. ती ओलाव्याने चिकटून बसली की उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि काँप्रेसर तापतो. हंगाम संपल्यावर, यंत्र पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी, वीज बंद करून साध्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ही पाती धुवावीत. बाहेरचा भाग तापलेल्या गच्चीच्या फरशीवर ठेवू नये, उत्तरेच्या भिंतीवर सावलीत बसवावा. आणि कृष्णाकाठच्या गावांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचे पाणी जेथवर चढले होते त्या खुणेच्या वर बसवावा. त्याला स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी आणि खरोखर काम करणारे अर्थिंग हवे, आणि मंजूर भार अपुरा असेल तर तो आधी वाढवून घ्यावा.

सर्वांत जास्त हयगय होते ती तांब्याच्या नळ्या जोडताना. नळ्यांतील हवा आणि दमटपणा व्हॅक्यूम पंपाने पंधरा-वीस मिनिटे ओढून काढल्याशिवाय शीतक सोडायचा नसतो. एप्रिलमध्ये दिवसाला अनेक घरे गाठणारा कारागीर हे टाळतो आणि थोडा गॅस सोडून नळीतली हवा उडवून देतो, मग आत राहिलेला ओलावा तेलाशी मिळून काँप्रेसर हळूहळू खातो. म्हणून इस्लामपुरात एसी घ्यायचाच असेल तर तो फेब्रुवारीत, कारागिराला सवड असताना घ्यावा, आणि त्याच्या पिशवीत व्हॅक्यूम पंप दिसल्याशिवाय त्याला भिंतीला ड्रिल लावू देऊ नये.